मुक्याची कैफियत

पावसाळा सरत आला असता, भाद्रपदातल्या एका सकाळी, आमच्या शेजारच्या वाडीतला टायगर बावखलाच्या काठाने गोल फिरू लागला. नाव टायगर असले तरी प्राणी पामेरियन, वजनाने जेमतेम सहा किलो, रंगाने पांढरा, आणि स्वभावाने इतका भिडस्त की, मासळीची पाटी दारात उतरली तरी आधी मालकिणीच्या तोंडाकडे पाहून मगच तो पाटीकडे सरकत असे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे खोदीव तळे; एके काळी रहाटाने त्याचे पाणी केळींना आणि पानवेलींना जात असे, आणि आज पुष्कळ बावखलांवर भराव पडून इमारती चढल्या असल्या तरी गास-भुईगावाकडच्या वाड्यांतून काही अद्याप शिल्लक आहेत. त्या काठाने टायगर डावीकडे, आणि केवळ डावीकडेच, फेऱ्या घालीत होता. मान एका खांद्याकडे कललेली, पुढचा एक पाय किंचित ओढलेला. वाटेतल्या पोफळीवर प्रत्येक फेरीत त्याचे कपाळ आपटे, प्रत्येक फेरीत तो क्षणभर थबके, आणि ती पोफळ जणू आताच तेथे उगवली असावी अशा विस्मयाने तिला वळसा घालून पुन्हा त्याच फेऱ्याला लागे. दुपारी त्याला झटका आला. वाडीची मालकीण, जिला आम्ही सारे मावशी म्हणतो, तिने त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि मला हाक मारली, कारण मी निवृत्त शिक्षक, आणि निवृत्त शिक्षकाला रिक्षात मांडीवर कुत्रे घेऊन बसण्याइतका वेळ असतो, असा गावाचा सर्वसाधारण समज आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण, बोलण्यात मितभाषी. त्यांनी प्रथम विचारले ते हे की, गेल्या काही दिवसांत हा कोणाला चावला आहे काय, किंवा याला कोणी चावले आहे काय, आणि पिसाळीची लस टोचल्याचे कार्ड आहे काय. कार्ड होते, मावशीने ते नातवाच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. मग बाईंनी टायगरच्या पुढच्या पायावरचे बोटभर रुंदीचे केस यंत्राने काढले, कोपराच्या वर रबरी पट्टी आवळली, स्पिरिटच्या बोळ्याने कातडी पुसली आणि अंगठ्याने शीर चाचपून सुई आत सारली. रक्ताचे दोन वाटे झाले. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त गोठू नये म्हणून ती नळी बाईंनी सात-आठ वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी केली. लाल टोपणाच्या नळीतले मात्र गोठावे म्हणून तशीच उभी ठेवली, आणि अर्ध्या घटकेत तळाशी काळसर गोळा बसून वर वाळल्या गवताच्या रंगाचा निवळ द्रव तरंगू लागला. त्या द्रवाकडे मावशी बराच वेळ पाहत होती. बाहेर बाकावर बसल्यावर तिने जे विचारले त्याच्या उत्तरासाठी मला पुढे कित्येक दिवस जुनी-नवी पुस्तके धुंडाळावी लागली, आणि हा लेखही त्यातूनच निपजला आहे. ती म्हणाली, ‘‘मास्तर, दुखणं डोक्यात आणि सुई पायाला. डोक्यातलं रक्ताला कसं कळतं?’’

हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच तर्कशास्त्राचा आहे, आणि आपल्या देशात ही दोन शास्त्रे एकाच ओसरीवर वाढलेली असल्यामुळे त्याचे उत्तर शोधताना चरकसंहितेपासून प्रारंभ करणे मला सोयीचे वाटले. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात चरकाचार्यांनी रोगज्ञानाचे तीन मार्ग सांगितले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. प्रत्यक्षाच्या बाबतीत ते मोठ्या निर्भीडपणे सांगतात की, वैद्याने रोग्याची परीक्षा सर्व इंद्रियांनी करावी, परंतु रसनेंद्रिय तेवढे वगळावे; रोग्याच्या शरीरातली चव वैद्याने चाखून पाहण्याची नसून अनुमानाने जाणावयाची आहे. याच संदर्भात तेथे एक असे उदाहरण येते की, ते वाचताना मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. रोग्याच्या देहातून वाहणारे रक्त हे जीवन धारण करणारे शुद्ध रक्त आहे की रक्तपित्त नामक व्याधीने दूषित झालेले आहे, असा संशय पडला असता ते श्वानापुढे व कावळ्यापुढे ठेवावे. त्यांनी ते भक्षण केले तर शुद्ध, तोंड फिरवले तर दूषित, असे अनुमान करावे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मनुष्याच्या रक्ताची परीक्षा करणारे यंत्र श्वान हेच होते! त्याच्या नाकाचा आणि जिभेचा निवाडा वैद्य ग्राह्य धरीत असे. आज पालघर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात श्वानाचे रक्त मनुष्याच्या यंत्रापुढे ठेवले जाते, आणि त्या ऋणाची फेड होत आहे असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही. मात्र त्या काळच्या श्वानाला आपण परीक्षक आहोत याची जशी जाणीव नव्हती तशी आजच्या श्वानाला आपण परीक्ष्य आहोत याचीही नाही, आणि मला पुढे जे म्हणावयाचे आहे ते या नसलेल्या जाणिवेभोवतीच फिरते.

मावशीच्या प्रश्नाला नैयायिकांनी दिलेले उत्तर असे की, कार्यावरून कारणाचे जे अनुमान करतात, ज्याला ते शेषवत् म्हणतात, त्या जातीचे हे ज्ञान आहे. आणि त्याचे त्यांचे आवडते उदाहरण नदीच्या पुराचे आहे. नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असे आपण जाणतो. आमच्याकडे ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. वैतरणेचे पाणी गढूळ होऊन चढू लागले की, येथे आभाळ स्वच्छ असले तरी वर त्र्यंबकाच्या डोंगरात कोसळत आहे हे अर्नाळ्याचा पोरगाही सांगेल. परंतु न्यायसूत्रांचा मोठेपणा असा की, आपल्याच उदाहरणावर प्रतिपक्षाकडून घाला घालून घ्यायला ती कचरत नाहीत. प्रतिपक्षी म्हणतो, पाऊस नसतानाही नदी फुगू शकते. कोठे बांध घातला असेल, प्रवाह अडला असेल. तेव्हा तुमचे अनुमान हे प्रमाणच नव्हे. (मोडकसागर आणि तानसा या दोन धरणांच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा लोकांना या आक्षेपाचे मर्म विशेष उमगते; दरवाजे उघडल्याची वर्दी आली की पाऊस न बघताही आम्ही गुरे वर काढतो.) यावर सिद्धान्ती जे उत्तर देतो ते मला सबंध रोगनिदानाच्या शास्त्राचा पाया वाटते. तो म्हणतो, केवळ पाणी वाढणे हा आमचा हेतूच नव्हे. पाण्याचा वेग, त्यावरचा फेस, वाहत येणारी पाने, फांद्या, ओंडके यांनी युक्त असे जे विशिष्ट वाढणे, त्यावरून आम्ही पावसाचे अनुमान करतो. चूक अनुमान या प्रमाणाची नाही. अपुरे चिन्ह घेऊन जो धावत सुटतो त्याची आहे.

टायगरच्या रक्ताचे कागद आले तेव्हा या उत्तराचा प्रत्यय आला. त्यांत एक आकडा सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन या द्रव्याचा होता. हे द्रव्य यकृतात तयार होते, आणि देहात कोठेही दाह पेटला की त्याचे प्रमाण वाढते. दाह पायात असो, फुप्फुसात असो वा दातांच्या मुळाशी असो. म्हणजे हे केवळ पाणी वाढणे झाले. तरीही ते निरुपयोगी आहे असे नाही. बीगल, बॉक्सर यांसारख्या जातींच्या तरुण कुत्र्यांना मेंदूच्या आवरणाचा व रक्तवाहिन्यांचा जो दाह होतो, आणि स्टेरॉइडने जो बहुधा आटोक्यात येतो, त्यात रक्तातला हा आकडा चांगलाच चढतो, औषधाने उतरतो, आणि रोग उलटला तर पुन्हा चढतो, म्हणून उपचार कोठवर आला आहे हे पाहण्यास वैद्य त्याचा उपयोग करतात. उलटपक्षी लहान जातींच्या कुत्र्यांत, टायगरसारख्यांत, खुद्द मेंदूलाच जो दाह आढळतो, ज्याचे कारण अज्ञात असल्यामुळे त्याचे नावही शास्त्राने ‘अज्ञात कारणाचा मस्तिष्कदाह’ असेच ठेवून दिले आहे, त्यात हा आकडा पुष्कळदा निरोगी कुत्र्यासारखाच असतो. टायगरचा तसाच होता. मेंदूत आग, आणि रक्तात तिची वार्ता नाही!

असे का व्हावे, याचे उत्तर १८८५ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाती लागले होते, जरी त्याचा अर्थ उकलायला पुढे इतर लोक यावे लागले. त्याने प्राण्याच्या रक्तात एक रंग सोडला. काळीज, यकृत, मूत्रपिंड, स्नायू, सगळी इंद्रिये रंगली. मेंदू तेवढा कोरा राहिला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, आणि त्यावर असा कडक पहारा आहे की साखर आणि प्राणवायू यांना परवाना मिळतो, बाकीच्यांना बहुधा मागे फिरावे लागते. या पहाऱ्यामुळे मेंदूचे विषापासून रक्षण होते, तसेच मेंदूतली फिर्यादही सहसा बाहेर रुजू होत नाही. योगायोग असा की, आमच्या भागात गोचिडांवाटे कुत्र्यांच्या रक्तात जो जंतू शिरतो, आणि ज्याला लोक नुसते गोचीड-ताप म्हणतात, त्या जंतूला पुढे एर्लिखिया असे याच एर्लिखचे नाव मिळाले. तो रक्तातला चोर कधी कधी उंबरठा ओलांडून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, म्हणून बाईंनी टायगरच्या रक्तातल्या पेशी काचेवर पसरून पाहिल्या, आणि डिस्टेंपरच्या विषाणूचा शोध वेगळा घेतला. हे पाहणे अगत्याचे होते, कारण दोन पक्षांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत: जंतू असेल तर त्याला मारणारे औषध हवे, आणि देहाची रक्षक-सेनाच मेंदूवर उलटली असेल तर तिला दाबणारे, एकाच्या जागी दुसरे दिले तर रोग्याचा नाश ओढवतो. रक्ताने या प्रसंगी ‘काय आहे’ हे सांगितले नाही. ‘काय नसावे’ एवढीच जबानी दिली. कोर्टकचेरीची ज्यांना माहिती आहे ते जाणतात की, पुष्कळ निवाडे अशा साक्षींवरच होतात.

अलीकडे संशोधक पाने-फांद्या वाहून आणणाऱ्या पुराच्या शोधात आहेत, आणि ही गोष्ट मला अत्यंत मनोहर वाटते. मज्जातंतूच्या लांबलचक धाग्याला आतून आधार देणारे जे सूक्ष्म प्रथिन असते, ज्याला न्यूरोफिलामेंट म्हणतात, त्याचे तुकडे धागा मोडला की बाहेर सांडतात, आणि त्यांतले काही त्या कडक पहाऱ्यातूनही निसटून रक्तात येतात. ग्रॅमच्या लाख कोटाव्या अंशात मोजावे लागणारे हे प्रमाण मोजण्याची साधने आता निघाली असून मस्तिष्कदाह झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात ते निरोगी कुत्र्यांपेक्षा अधिक असते असे दिसून आले आहे. आमच्याकडच्या नेहमीच्या दवाखान्यात ही परीक्षा होत नाही. झाली असती तरी तिने एवढेच सांगितले असते की, वरच्या रानात झाडे मोडली आहेत. ती वादळाने मोडली, कुऱ्हाडीने मोडली, की वार्धक्याने आपण होऊन पडली, हे ओंडक्यावर लिहिलेले नसते. दाह, गाठ, आघात, वय, या सर्वांत ते धागे तुटतात. तेव्हा मावशीला मी जे सांगितले ते असे: ‘‘मावशी, रक्ताला थोडं कळतं. पण त्याला सगळं कळलं असं आपण समजायचं नाही.’’ तिला हे उत्तर पटले नाही, आणि शिक्षकाच्या तोंडी ते शोभलेही नसावे.

मग डॉक्टरीणबाईंनी पुढची वाट सांगितली. मुंबईला नेऊन भूल द्यावयाची, मोठ्या यंत्रात घालून मेंदूची चित्रे काढावयाची, आणि त्याच भुलीत मानेच्या मागून, कवटी आणि कणा यांच्या सांध्यातून, सुई घालून मेंदूभोवतालचे पाणी काढावयाचे. मेंदूवर दाब चढलेला असेल तर या सुईत जिवाचा धोका आहे, हेही त्यांनी लपवले नाही. मावशीने विचारले की, एवढे केल्यावर तरी नक्की कळेल ना? बाई थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘एवढं केल्यावर मी ‘बहुधा’ जरा जोरात म्हणू शकेन. नक्की कळतं ते मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर. आणि तो बहुतेक वेळा गेल्यावरच ठेवतात.’’ पिसाळीची गत याहून कठोर आहे. जिवंत कुत्र्याच्या रक्तावरून ती आहे वा नाही हे ठरवता येत नाही. खातरजमा मेलेल्या प्राण्याच्या मेंदूतच होते, आणि जिवंत प्राण्यापुरता शिरस्ता एवढाच की, चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाची गळालेली शेपटी, ओघळणारी लाळ आणि त्याने दंश केलेल्या मनुष्याचा जलत्रास यांचे जे वर्णन केले आहे ते आजही खोटे ठरलेले नाही. पण तेही बाह्य लक्षणांचेच आहे.

येथे प्रश्न तर्कशास्त्राच्या कक्षेतून निघून धर्माच्या कक्षेत शिरतो. निश्चित ज्ञान हे ज्ञात्याला हवे असते, आणि त्याची किंमत ज्ञेयाला द्यावी लागते. मनुष्यरोगी निदान संमतिपत्रावर सही तरी करतो; सुई टोचून घेण्यात त्याचाही काही हेतू असतो, कारण बरे होण्याची कल्पना त्याच्यापाशी असते. टायगरपाशी सुई तेवढी आहे. ‘यासाठी’ हा शब्द त्याच्यापाशी नाही. तेव्हा मुक्या जिवाच्या बाबतीत, ‘मला कळले पाहिजे’ या माझ्या तळमळीतला किती अंश त्याच्या सुखासाठी आणि किती माझ्या संशयनिवृत्तीसाठी, याचा हिशेब परीक्षा सुचवणाऱ्याने व करवून घेणाऱ्याने रोखठोक मांडला पाहिजे. संशय हे दुःख आहे, याबद्दल दुमत नाही. पण ते माझे दुःख आहे. ते त्याच्या पाठीवर लादून मी मोकळा होऊ पाहत असेन तर त्याला दया म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. रक्ताच्या परीक्षेचे जे खरे पुण्य आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो, ते तिच्या अचूकपणात नाही. ज्ञात्याने आपल्या संशयाचा काही भाग स्वतःच्या अंगावर सोसून ज्ञेयाला मोठ्या यातनेतून वाचवावे, अशी जी तडजोड ती शक्य करते, त्यात आहे. पायाला एक टोच, आणि त्यातून जेवढे कळेल तेवढ्यावर वैद्याने आपली बुद्धी शिणवावी. जेथे तेवढ्याने भागत नाही आणि पुढच्या परीक्षेने उपचाराची दिशाच बदलणार असेल, तेथे भूल आणि मोठी सुई यांनाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती केवळ कुतूहलाच्या सुईला.

अनुकंपेने ज्ञानावाचूनही चालवून पाहिले आहे, आणि तो इतिहास आमच्या जवळचाच आहे. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम अंमलात आणला तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, हिंदू व जैन त्यांना मिळाले, बाजार बंद पडला आणि दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर तिच्याशी निगडित असलेले मोतीशा शेठ यांचे नाव आमच्या आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासराशीही लोक जोडतात. पांजरापोळीची करुणा राखणारी आहे. ती मारीत नाही, हाकलीत नाही, चारा-पाणी घालते, आणि रोग कोणता हे विचारण्याची निकड तिला वाटत नाही, कारण आयुष्य ज्याचे त्याच्या कर्माने सरावयाचे आहे. १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले तेव्हा त्याच शहरात दुसऱ्या जातीची करुणा आली, जी विचारते, टोचते, कापते आणि कधी मारतेही. या दोघींचे भांडण मिटलेले नाही, आणि ते लवकर मिटावे असे मला वाटतही नाही. एकीला दुसरीचा धाक असणे हे मुक्या जनावराच्या हिताचे आहे.

आता मावशीच्या दुसऱ्या उद्योगाबद्दल. डॉक्टरांकडे गेलो त्याच संध्याकाळी तिने रेमेदी मातेपुढे मेणबत्ती लावली होती; वाडीत कामाला येणाऱ्या बाईने तिच्यासाठी जीवदानी देवीला नारळ बोलला होता; आणि माझ्या सुधारक मनाला या दोन्ही गोष्टींचे हसू आले होते, हे मी कबूल करतो. परंतु आम्ही ज्या मातीवर राहतो तिने या विषयावर फार पूर्वी मत देऊन ठेवलेले आहे. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली भुईगावजवळ नवव्या लेखाचा तुकडा सापडला. या नवव्या लेखाचा विषयच मुळी मंगलविधी हा आहे. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. मोठ्या फळाचा मंगलविधी म्हणजे सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, आणि प्राणिमात्रांच्या बाबतीत संयम पाळणे, असा त्याचा आशय आहे. उत्तरेकडील काही प्रतींत तर राजा म्हणतो की, इतर विधींचे फळ संशयास्पदच. इच्छित साधेल वा न साधेल. याच मालिकेतल्या दुसऱ्या लेखात मनुष्यांची आणि पशूंची अशा दोन चिकित्सांची तजवीज केल्याचे तो सांगतो.

हे वाचल्यावर माझे हसू मावळले, कारण माझ्या ध्यानात आले की, मीही एक विधीच करीत होतो. कागद येण्याची वाट पाहणे, आकड्यापुढचा बाण वर आहे की खाली हे पाहून धीर येणे वा सुटणे, ‘आणखी एक परीक्षा करून घेऊ’ असे वारंवार म्हणणे, यात निदानाचा भाग थोडा आणि मनःशांतीचा अधिक होता. मेणबत्तीत आणि माझ्या परीक्षेत एक भेद मात्र राहतोच, आणि तो मेणबत्तीच्या बाजूचा आहे: ती लावताना टायगरला टोचावे लागले नव्हते. अशोकाच्या तराजूत प्राण्याविषयीचा संयम हा ज्या पारड्यात पडतो, त्या पारड्यात माझा तो तिसऱ्या परीक्षेचा आग्रह घालून पाहिला असता मला तो बराच हलका भरला, आणि मी तो सोडला.

पारशांच्या वेंदिदादात श्वानावर जो अध्याय आहे त्याची आठवण येथे येते. ज्यांचा पवित्र अग्नी आमच्याच जिल्ह्यातल्या बहारोटच्या डोंगरगुहांत एके काळी दडून होता, त्या लोकांचा हा ग्रंथ. त्यांच्यात मृताच्या देहाकडे श्वानाला पाहायला लावण्याचा, सगदीदचा, विधी आहे. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणून ‘चार डोळ्यांचा’ म्हटलेला कुत्रा त्यासाठी विशेष योग्य, आणि आपल्या ऋग्वेदातले यमाचे दोन श्वानही चार डोळ्यांचेच आहेत, हा संबंध विद्वानांनी कधीच हेरला आहे. माझे मन वेधले ते दुसऱ्या एका विधानाने. घरातला कुत्रा वेडा झाला, त्याची घ्राणशक्ती नष्ट झाली, तर काय करावे, असा प्रश्न तेथे विचारला आहे. आणि उत्तर आहे की, धर्मनिष्ठ मनुष्यावर जसे उपचार करावेत तसेच त्याच्यावर करावेत. औषध लागू पडले नाही तर गळ्यात लाकडी कडे अडकवून त्याला खुंटाला बांधावे. कशासाठी, तर तो खड्ड्यात, विहिरीत वा नदीत पडून त्याला इजा होऊ नये म्हणून. मेंदू बिघडलेल्या जिवाच्या बाबतीत ज्ञान जेथे संपते तेथे काय उरते, हे त्या प्राचीन धर्मशास्त्राने किती नेमके सांगितले आहे! टायगर फिरत होता तो पाण्याच्या काठाने. मावशीने वेंदिदाद वाचलेले नाही, पण पहिल्याच संध्याकाळी तिने बावखलाच्या त्या बाजूला मासे सुकवायच्या जुन्या जाळीचे कुंपण घातले होते.

आपले महाभारतही एका कुत्र्याच्या तक्रारीपासून सुरू होते, हे आपण धर्मराजाच्या कुत्र्याच्या कौतुकात विसरतो. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पोर आले, त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, तरी राजाच्या भावांनी त्याला झोडपले. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाने अपराध केला नसता त्याला का मारलेत? राजाकडे उत्तर नसते. स्वर्गाच्या दारातला तो शेवटचा कुत्रा धर्म होता, म्हणून त्याच्यासाठी थांबणे सोपे झाले असे नव्हे, कारण युधिष्ठिराला तोवर ते ठाऊक नव्हते. तरीही वाचकाला ते ठाऊक होते आणि त्याचे समाधान होते. सरमेच्या पोरामागे असे कोणतेही दैवत लपलेले निघत नाही. ते नुसतेच कुत्रे असते आणि नुसतेच दुखावलेले असते. टायगरची कैफियत त्या जातीची आहे.

निर्णय शेवटी असा झाला. रक्तात गोचीड-तापाचे चिन्ह नाही, डिस्टेंपरचा पुरावा नाही, लस टोचलेली, वय सहा, जात लहान, लक्षणे मेंदूची. तेव्हा मुंबईचा प्रवास आणि मानेतली सुई तूर्त बाजूला ठेवून, मावशीला धोका समजावून सांगून, बाईंनी प्रेड्निसोलोन सुरू केले. त्या म्हणाल्या, ‘‘अंदाजानं देतेय, हे लक्षात ठेवा.’’ चौथ्या दिवशी टायगर पोफळीला न आपटता वळला. दहाव्या दिवशी उजवीकडेही वळला. मान थोडी कललेलीच राहिली आहे, आणि ती तशीच राहील असे दिसते. हा सुधार किती टिकेल हे बाई सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

तीन आठवड्यांनी, औषधाचा यकृतावर परिणाम किती झाला हे पाहण्यासाठी, पुन्हा रक्त द्यायला नेले. पहिल्या वेळी काढलेले केस अर्धवट उगवले होते. टेबलावर ठेवताच टायगरने कोणी न सांगता तोच पाय पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. डॉक्टरीणबाईंना कौतुक वाटले. त्या म्हणाल्या, ‘‘बघा, किती शहाणा झालाय. स्वतःच पाय देतो.’’

‘‘शहाणा नाही हो,’’ मावशी म्हणाली, ‘‘दमलाय.’’

बाईंनी रबरी पट्टी हातात तशीच धरली. मग वाकून, त्याच्या तोंडाकडे एकवार पाहून, त्यांनी अंगठ्याने शीर चाचपायला घेतली.